दोन वर्षांनी लाल मातीत: एका पैलवानाच्या परतीची नोंद

मे २०२४ मधला गुरुवार. दुपारी तासगाव तालुक्यातल्या एका पैलवानाचा फोन आला. "सर, लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागलीया. बैठकांनी असं हुतं का?"

किती मारल्या, विचारलं.

"पाचशेच."

त्या 'पाचशेच'मधल्या 'च'वर हे सगळं प्रकरण उभं आहे. त्याला पुढे बोलू न देता मी थेट मिरज गाठायला सांगितलं. दवाखान्यांच्या या गावाशी आमच्याकडच्या माणसाचं नातं असं आहे की 'मिरजेला जा' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. संध्याकाळी तो ॲडमिट झाला होता.

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. येणाऱ्यांत निम्मे पैलवान, बाकीचे गुडघे धरून आलेले त्यांचे वडील. हे प्रकरण त्या पैलवानाच्या परवानगीने लिहितो आहे. नाव आणि गाव त्याच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. लिहायचं कारण असं की व्यायाम सुटल्यावर काय जातं आणि काय राहतं, याचा इतका स्वच्छ नमुना माझ्यासमोर पुन्हा आलेला नाही.

आधीचं अंग

पैलवान ३१ वर्षांचा. बाराव्या वर्षापासून गावच्या तालमीत. तिथल्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी हिंदकेसरी मारुती माने यांचा फोटो आहे, आणि दोन्ही मारुतींना एकच उदबत्ती ओवाळली जाते. कवठेपिरानच्या या मल्लाने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं होतं. अशा फोटोखाली वाढलेल्या पोराला दहा बैठका म्हणजे चेष्टाच वाटणार. हे पुढे कामाला येईल.

२०२१ मध्ये खांदा दुखतो म्हणून तो माझ्याकडे आला आणि आठ महिने वजनं उचलत राहिला. त्यामुळे माझ्या वहीत त्याचे जुने आकडे होते. सहसा ते नसतात. माणूस 'पूर्वी लई ताकद हुती' म्हणतो आणि आपण मान हलवतो. त्याचं वजन तेव्हा ९२ किलो, खांद्यावर बार घेऊन बैठक १४० किलोची पाच वेळा, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १७० ची तीन वेळा, उजव्या मांडीचा घेर ६३ सेंटिमीटर. तालमीत रोज दीड हजार बैठका, असं तो सांगायचा. वस्तादांनी त्यावर 'हजार तर नक्की' एवढं शिक्कामोर्तब केलं.

मार्च २०२२ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. अडीच एकर द्राक्षबाग अंगावर पडली आणि तालीम सुटली ती दोन वर्षं. या काळात तो बसून नव्हता: फवारण्या, छाटण्या, क्रेट उचलणं, बेदाण्याची रॅक. पण बागेतलं काम दिवसभर पुरवून करायचं असतं, त्यात अंग पूर्ण पणाला लागत नाही. वजन आठ किलोनं उतरलं आणि पॅन्टचा पट्टा मात्र दोन भोकं सैल करावा लागला. घटलं ते मांस, वाढली ती चरबी. मांडी ५८ वर आली होती.

सोमवार ते गुरुवार

एप्रिलची खरडछाटणी उरकली, थोडी उसंत मिळाली. गणपतीच्या आधी गावात कुस्त्यांचं मैदान असतं, त्यात एक जोड घ्यायची असं मनानं घेतलं. सोमवारी संध्याकाळी, दिवसभर बागेत तापल्यावर, तो तालमीत गेला. पोरांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. शंभरला अंग गरम झालं, दोनशेला जुनी लय सापडली, तीनशेनंतर मांड्या थरथरायला लागल्या. पण मोजणारी पोरं थांबत नव्हती, आणि पोरांसमोर पैलवान कसा थांबणार?

मंगळवारी मांड्या भरून आल्या, संडासला बसता येईना. वस्ताद म्हणाले, "बैठकांचं आंबणं बैठकांनीच जातं." म्हणून संध्याकाळी आणखी शंभर. बुधवारी मेडिकलमधून दुखण्याची गोळी. गुरुवारी काळा चहा.

मिरजेत रक्ताची सीपीके तपासणी (स्नायू फुटले की हे एन्झाइम रक्तात वाढतं) ४१ हजारांवर आली. निरोगी माणसात ती साधारण दोनशेच्या आत असते. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिनही थोडं वाढलं होतं. ऱ्हॅब्डोमायोलिसिस. स्नायूंचे तंतू मोठ्या संख्येने फुटले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं, लघवीला गडद रंग देतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांना इजा करतं. त्यात उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेलं आणि वरून ती गोळी. दुखण्यावरच्या अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाच दिवस सलाईन चाललं. डायलिसिसची वेळ आली नाही.

हजार पचवणारा पाचशेत का मोडला

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याने मला हेच विचारलं. विचारलं कसलं, आपल्या मांड्यांनी दगा दिला अशी तक्रारच केली.

बैठकीत वर येण्यापेक्षा खाली जाणं जास्त तोडफोड करतं. खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलाही जात असतो आणि त्याच वेळी वजनही धरत असतो. आपली तालमीतली बैठक टाचा उचलून, गुडघे पुढे काढून असते, म्हणजे जवळजवळ सगळा भार त्या एकाच स्नायूवर. पहिल्यांदा हे केलं की तंतूंना इजा होते. ती भरून निघाली की त्याच व्यायामापासून स्नायूला एक कवच मिळतं. पुढच्या खेपेला तेवढ्याच कामात इजा बरीच कमी होते. हे कवच सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, पण वर्षभरात ते उतरतं. याची तर दोन वर्षं झालेली.

म्हणजे इजेच्या बाबतीत त्याच्या मांड्या नवख्या होत्या, पण बाकीचा तो नवखा नव्हता. उठबशीची लय मज्जासंस्थेत पक्की बसलेली होती, श्वासाची सांगड होती, वेदना बाजूला सारायची वीस वर्षांची सवय होती. खरा नवखा पोरगा दीडशेला कोलमडून मातीत बसला असता आणि तिथेच वाचला असता. याला जुन्या आठवणीनं पाचशेपर्यंत नेलं. जे शाबूत होतं त्याच्या जोरावर त्यानं जे गेलं होतं त्याला मोडलं. आपण 'अंगाला आठवतं' म्हणतो तेव्हा एकाच आठवणीबद्दल बोलत असल्यासारखं बोलतो. तशा निदान चार-पाच असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य वेगळं.

वस्तादांच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द, कारण नंतर गावात त्यांनाच बोल लावला गेला. साध्या आंबण्यावर हलकी हालचाल आराम देतेच. त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलेलं. फरक ओळखायच्या खुणा मात्र ठाऊक हव्यात: दुखणं तिसऱ्या दिवशी उतरण्याऐवजी चढणं, मांडी फुगून कडक होणं, गुडघा वाकेनासा होणं, आणि लघवीचा रंग. शेवटची खूण दिसली तर मला किंवा वस्तादांना विचारत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

पुढच्या आठवड्यात वस्ताद स्वतः सांगलीला आले. मनाला लागलं होतं त्यांच्या. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "मग डॉक्टर, आता किती मारायच्या त्यानं?"

"दहा."

मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं.

ओलांडे शाबूत

सीपीके पूर्ण खाली येईपर्यंत फक्त चालणं. १० जूनला पहिला दिवस: खुर्चीवर बसून उठणं, दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात रिकामा बार. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. २० किलोच्या बाराखाली तो गावाकडचं कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघायचा. चौथ्या आठवड्याला ७० किलो, पाच वेळा. सातव्या आठवड्याला १०५.

माझ्या वहीतल्या जुन्या पानांवरून सांगतो: २०२१ मध्ये ७० वरून १०५ वर जायला त्याला साडेचार महिने लागले होते, तेही रोजची तालीम चालू असताना. आता तीन आठवडे.

याचं एक कारण मज्जासंस्था. ताकद म्हणजे नुसता मांसाचा जाडपणा नव्हे. किती तंतूंना एकदम हाक द्यायची हेही ती शिकते आणि ते फारसं विसरत नाही. दुसरं कारण तंतूच्या आत आहे. आपल्या बहुतेक पेशींत एक केंद्रक असतं, पण स्नायूचा तंतू म्हणजे शेकडो केंद्रकं असलेली एक लांबलचक पेशी. प्रत्येक केंद्रक आपापल्या टापूला लागणारी प्रथिनं बनवण्याचा कारभार पाहतं. तंतू जाड करायचा तर कारभारी वाढवावे लागतात. ते शेजारच्या राखीव पेशींतून येतात. पूर्वी समज असा की स्नायू रोडावला की जादा केंद्रकंही नष्ट होतात. ऑस्लोमध्ये ब्रूसगार्ड आणि गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं की तंतू बारीक झाला तरी केंद्रकं जागेवरच राहतात. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही, मतभेद आहेत. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाच्या २०१८ च्या कामातून आणखी एक धागा मिळाला. तिथे आठ पुरुषांनी सात आठवडे व्यायाम केला, सात आठवडे थांबले, पुन्हा सात आठवडे केला. स्नायूंतल्या काही जनुकांवरच्या रासायनिक खुणा पहिल्या व्यायामात पुसल्या गेल्या आणि सुट्टीतही तशाच पुसलेल्या राहिल्या, म्हणजे ती जनुकं पुन्हा कामाला लागायला मोकळी होती. दुसऱ्या खेपेची वाढ पहिलीपेक्षा जास्त झाली.

हे मी त्याला माझ्या परीनं समजावत होतो. केंद्रकं, खुणा, राखीव पेशी. त्यानं मध्येच थांबवलं.

"म्हंजे खरडछाटणी झालीया. ओलांडे शाबूत हायत."

त्यानंतर मी कुणाला केंद्रकं समजावायच्या फंदात पडलेलो नाही. नवीन बाग लावून मांडवावर ओलांडे, म्हणजे वेलीच्या कायमच्या आडव्या फांद्या, तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. एप्रिलमध्ये खरडून टाकलेली बाग बघणाऱ्याला वाळकी काठी वाटते, पण खोड, ओलांडे आणि मुळ्या जागेवर असतात, आणि महिन्या-दीड महिन्यात मांडव पुन्हा हिरवा होतो.

फिनलंडमध्ये युवास्कुला विद्यापीठाने २०२४ मध्ये केलेली तुलना इथे सांगण्याजोगी आहे. एका गटाने सलग वीस आठवडे व्यायाम केला. दुसऱ्याने दहा आठवडे करून दहा आठवडे पूर्ण सुट्टी घेतली आणि मग आणखी दहा आठवडे केला. अखेरीस दोन्ही गट ताकदीत आणि स्नायूंच्या आकारात जवळपास सारखेच. सुट्टीत आकार ताकदीपेक्षा जास्त घटला होता, आणि परतल्यावर साधारण पाच आठवड्यांत आधीची पातळी गाठली गेली. दोन-अडीच महिने व्यायाम सुटला म्हणून हाय खाणाऱ्यांना मी हे हमखास सांगतो. आमच्या पैलवानाचा खंड त्याच्या दहापट होता. तरी दिशा तीच दिसली.

माझी चूक

जुलैचा शेवट. आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढत होतं आणि माझ्याकडे पैलवानाचे आकडे. १०५ च्या दिवशी मी खूश होतो, तो माझ्यापेक्षा खूश. दोन दिवसांनी जिना उतरताना त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली.

हे टाळता आलं असतं. वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, स्नायूसारखी झपाट्यानं परतत नाही. तिच्यात रक्तपुरवठा कमी, तिचा जुना गाभा फार हळू बदलतो, आणि स्नायूसारखे राखीव कारभारी तिच्याकडे नाहीत. स्नायू तीन आठवड्यांत दीडपट भार उचलायला लागला आणि तो सगळा भार त्याच जुन्या दोरीतून जात होता. मी मांडीचा घेर मोजत होतो, बारवरचे आकडे लिहीत होतो. कंडरेसाठी वहीत रकानाच नव्हता. मे महिन्यात पोरांच्या मोजण्यानं जे केलं तेच जुलैत माझ्या वहीनं केलं, इतकंच की या वेळी सलाईन लागलं नाही.

बार ८० वर उतरवला. उड्या बंद. भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं पाऊण मिनिट, पाच वेळा, दिवसाआड. तालमीत हे शिक्षा म्हणून देतात. शिवाय खाली जायला चार सेकंद आणि वर यायला चार, असा संथ भार. तीन आठवड्यांत कळ गेली. पुढे बार किती वाढवायचा हे मी गुडघ्याला विचारून ठरवलं, त्यानं कितीही विनवलं तरी.

खुराकाचं थोडक्यात. वजन कमी होऊनही त्याचं तूप चालूच होतं, आणि बदामाच्या थंडाईवर त्याचा विश्वास माझ्यापेक्षा दांडगा. बदामात निम्मी चरबी असते, हे ऐकून तो दुखावला. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. त्याच्या वजनाला सुमारे १३५ ग्रॅम. एक लिटर म्हशीचं दूध, सहा अंडी, एका वेळचं चिकन आणि घरची डाळ-उसळ यांत ते बसलं. पावडरचा डबा आणायला दुकानात जावं लागलं नाही.

दम

कुस्ती मात्र बारवर होत नाही. जूनच्या अखेरीस वस्तादांच्या नजरेखाली त्याला मातीत सोडलं. पकडीत तो विशी-बाविशीच्या पोरांना हलवत होता, पण चौथ्या मिनिटाला तोंड उघडं.

दमाची आठवण सगळ्यात आखूड असते. व्यायाम थांबल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव कमी होतो आणि हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं. मग स्नायूंतली ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणा मंदावते. व्यायामशास्त्रज्ञ कॉईल यांच्या १९८४ च्या अभ्यासात मुरलेल्या खेळाडूंची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांच्या आत सात टक्के आणि बारा आठवड्यांत सोळा टक्के घटली होती. तीही परत येते, पण केंद्रकांसारखं काही मागे ठेवून गेलेली नसल्यानं जवळपास नव्यानं कमवावी लागते. आम्ही आठवड्यातून तीनदा सावकाश पळणं आणि एकदा चढावर दामटणं ठेवलं. बाराव्या आठवड्याला तो आठ मिनिटं नीट लढत होता. मातीवरची निकाली कुस्ती आठ मिनिटांत संपेलच असं नाही.

ऑगस्टअखेरीचे आकडे असे होते: वजन ८६.५, मांडी ६१, बार १२० किलो पाच वेळा. जुन्या १४० च्या तुलनेत ८५ टक्क्यांच्या वर, बारा आठवड्यांत, आणि त्यातले तीन गुडघ्यानं खाल्लेले. तालमीतल्या बैठका तीनशे, चार फेऱ्यांत तोडून. ही एका माणसाची नोंद आहे. स्नायूचा तुकडा काढून कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नाही. मेमध्ये एवढं फुटलेलं मांस नीट भरून आलं, यातही त्याच्या वयाचा वाटा असणार. पन्नाशीच्या माणसाला मी हेच वेळापत्रक देणार नाही.

मैदान गणपतीच्या चार दिवस आधी झालं. पंचांनी जोड लावली ती खानापूर तालुक्यातल्या तेवीस वर्षांच्या मल्लाशी. मी वस्तादांच्या शेजारी बसलो होतो. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या पैलवानानं दोनदा पट काढून त्याला खाली घेतलं, एकदा घिस्सा डाव लागतालागता राहिला. हलगी चढत होती. नवव्या मिनिटाला त्याच्या पकडीतली धार गेलेली मला दिसली. वस्तादांना माझ्या आधी दिसली असावी, कारण त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. पुढचा सगळा वेळ तो फक्त पाठ राखत होता. अकरा मिनिटं झाल्यावर पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं-निम्मं.

"ताकद हुती सर," माती झटकत तो म्हणाला, "दम न्हवता."

माझ्या वहीतही तेच होतं, फक्त चार पानं जास्त.

ऑक्टोबरात फळछाटणी आली. पुन्हा बाग, पुन्हा पहाटेपासून मजूर, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट, फवारण्या, पुढे घड औषधात बुडवायचं डिपिंग. त्याला वाटलं, आता परत सगळं जाणार. मी त्याला अलाबामा विद्यापीठाच्या २०११ च्या कामाबद्दल सांगितलं: चार महिने कसून कमावलेलं अंग तरुणांनी पुढचे आठ महिने मूळ व्यायामाच्या नवव्या हिश्शात राखलं होतं, साठीच्या पुढच्यांना आकार टिकवायला तेवढं पुरलं नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवला. बार १०० किलोच्या आसपास, मोजकेच सेट, पण बैठका चुकवायच्या नाहीत, कारण या वेळी मला ते कवच उतरू द्यायचं नव्हतं. त्यानं बागेच्या शेडमध्ये जुना बार आणि शेजाऱ्याच्या जिममधली गंजकी वजनं आणून ठेवली.

दर रविवारी त्याचा मेसेज येतो. मागच्या खेपेचा असा होता: "बैठका १२०, बार १०० चार वेळा, लघवी पांढरी. डिपिंगला निघालो."